देव न मानणारा जावई

प्रश्न: ताई, मी साताऱ्याहून लिहिते आहे. माझी एकुलती एक मुलगी २९ वर्षांची आहे. गेली पाच वर्षं ती अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबसला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा ३१ वर्षांचा, इंजिनिअर, बोलायला नम्र. त्याचे आईवडील टेनेसीत राहतात, सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती (प्रोटेस्टंट) पंथाच्या चर्चचे आहेत, रविवार चुकवत नाहीत. मुलगा मात्र कॉलेजात गेल्यापासून चर्चची पायरी चढलेला नाही. "मी कुठलाच धर्म मानत नाही," असं त्याने मला व्हिडिओ कॉलवर तोंडावर सांगितलं. माझ्या नणंदबाई म्हणतात, "ज्याला देवाची भीती नाही त्याला कशाचीच नाही. उद्या पोरीला वाऱ्यावर सोडेल." दुसरीकडे त्याच्या आईने निरोप धाडला की आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तेव्हापासून मला धास्ती, की हे लोक लेकीला बाटवतील. दोघं वर्षभर एकत्र राहतात हे लेकीने मागच्याच महिन्यात सांगितलं, तेही रडत. मिस्टर म्हणतात, तू ठरव. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्यांच्या घरी जायचं आहे, तिकिटं काढून झाली आहेत. मी तिथे काय बघू, काय विचारू? होकार देऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर: नमस्कार ताई. मुलगा देव मानत नाही म्हणून तुमची झोप उडाली आहे, आणि त्याचे आईवडील फार मानतात म्हणूनही उडाली आहे. मी अठरा वर्षं इंडियानातल्या एका छोट्या गावात संसार केला. या दोन्ही तऱ्हेच्या माणसांच्या शेजारात राहिले, त्यांच्या घरी जेवले, त्यांच्या मयतांना गेले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी "मी कुठलाच धर्म मानत नाही" या वाक्याबद्दल. साताऱ्यात हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण आपल्याकडे धर्म जन्माबरोबर येतो. देवळात गेलं नाही, उपास केला नाही, तरी तो सुटत नाही. आपल्या ओळखीत नास्तिक हिंदू किती तरी असतात आणि दिवाळीला आकाशकंदील तेही लावतात. सदर्न बॅप्टिस्ट घरात तसं नाही. तिथे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत. मूल कळतं झालं, "मी येशूला माझा प्रभू मानतो" असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की मग त्याला सगळ्या मंडळींसमोर पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. म्हणजे हे प्रकरण जातीसारखं नसून आपल्या माळकऱ्यांसारखं आहे. माळ गळ्यात स्वतः घालून घ्यायची असते आणि एकदा घातली की पाळायची असते. त्या मुलाने मोठा झाल्यावर ती माळ उतरवून ठेवली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. त्या माणसाचं काळीज कसं आहे हे त्यातून कळत नाही.

आणि असे लोक आता तिथे थोडेथोडके नाहीत. प्यू रिसर्च सेंटर ही संस्था अमेरिकेतल्या धर्माची मोठी पाहणी करते. २००७ साली १६ टक्के प्रौढांनी आपला कुठलाच धर्म नाही असं सांगितलं होतं. २०२३-२४ मध्ये, जवळजवळ ३७ हजार लोकांना विचारल्यावर, हा आकडा २९ टक्क्यांवर गेला. ख्रिस्ती म्हणवणारे ७८ वरून ६२ टक्क्यांवर आले. यातही मेख आहे. त्या २९ मध्ये स्वतःला नास्तिक म्हणणारे जेमतेम ५ आहेत आणि 'देव आहे की नाही सांगता येत नाही' म्हणणारे ६. उरलेले म्हणतात, "विशेष असं काही नाही." याच संस्थेने २०२४ च्या जानेवारीत धर्म नसलेल्यांवरच एक अहवाल काढला. त्यात दहापैकी सात जण देवाला किंवा कुठल्या तरी वरच्या शक्तीला मानतात असं निघालं. बरेचसे रुसलेत ते चर्च नावाच्या संस्थेवर. हा मुलगा यातला कोण, हे तुम्ही त्याला विचारलेलं नाही. विचारा. "देव मानतोस का" असं न विचारता "चर्च का सोडलंस" असं विचारा. उत्तर लांबलचक येईल, आणि ते देताना तो आपल्या आईवडिलांबद्दल कसं बोलतो ते नीट ऐका. हेटाळणी करतो की हळहळतो? मला विचाराल तर त्याच्या देव मानण्या-न मानण्यापेक्षा ही गोष्ट दसपट महत्त्वाची आहे.

आता नणंदबाईंचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, कारण अमेरिकाही याच प्रश्नावर घासाघीस करते आहे. चांगलं वागायला देव मानावाच लागतो का, असं प्यूने २०११ मध्ये विचारलं तेव्हा 'नाही' म्हणणारे ४९ टक्के होते. २०१७ मध्ये ते ५६ झाले. पण हा प्रश्न गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांना, म्हणजे त्या मुलाच्या आईवडिलांसारख्या कडक प्रोटेस्टंट घरांतल्या माणसांना वेगळा काढून विचारला, तर एक तृतीयांशच 'नाही' म्हणाले. बाकीच्यांचं मत नणंदबाईंसारखंच आहे. हे वाचल्यावर मला सगळ्यात आधी त्या टेनेसीच्या बाईंची आठवण आली. तुम्हाला वाटतं त्या पलीकडच्या गोटातल्या आहेत. ताई, त्या तुमच्याच बाकावर बसल्या आहेत. आपला मुलगा देवापासून सुटला, आता त्याला बरंवाईट कोण दाखवणार, या काळजीने त्या दहा-बारा वर्षं झुरत असणार. दोघं लग्नाआधी एकत्र राहतात याचं दुःख तुम्हाला महिनाभराचं आहे, त्यांना वर्षभराचं असेल.

मग श्रद्धेने माणसाच्या नीतीत फरक पडतो की नाही? पडतो. काही ठिकाणी जबरदस्त पडतो आणि काही ठिकाणी अजिबात नाही. गर्भपाताचं घ्या. प्यूच्या २०२४ च्या पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना तो बहुतेक परिस्थितींत बेकायदेशीरच असावा असं वाटतं. धर्म नसलेल्यांपैकी ८६ टक्क्यांना तो कायदेशीर असावा असं वाटतं. एकाच जेवणाच्या टेबलावर आई एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या टोकाला, असं चित्र घरोघरी आहे. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा जुना निकाल फिरवला आणि हा प्रश्न एकेका राज्याच्या हाती दिला, तेव्हापासून तर टेबलावर तो विषय निघाला की काटे-चमचे थांबतात. तुम्ही तो काढू नका. समलिंगी विवाह, लग्नाआधीचे संबंध, असाध्य दुखण्यात मरण मागण्याचा हक्क, हेही त्याच रांगेतले विषय.

पण तुम्हाला ज्याची भीती आहे ते यात नाही. लेकीला कोणी फसवेल, सोडून जाईल, ही तुमची भीती. गॅलप ही संस्था २००१ पासून दर मे महिन्यात अमेरिकन लोकांना एक यादी वाचून दाखवते आणि यातलं काय नीतीला धरून आहे असं विचारते. या वर्षांत यादीतलं पुष्कळ काही उलटंपालटं झालं. समलिंगी संबंध ठीक म्हणणारे २००१ मध्ये ४० टक्के होते, २०२३ मध्ये ६४. घटस्फोट ठीक म्हणणारे ५९ वरून २०२२ मध्ये ८१ वर गेले. लग्न झालेल्या माणसाने बाहेर संबंध ठेवणं मात्र तेव्हाही दहातल्या एकालाच चालत होतं आणि आताही जेमतेम एकालाच चालतं. इतके लोक चर्च सोडून गेले, तरी हा आकडा जागचा हलला नाही.

घटस्फोट आणि फसवणूक हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आपल्या पिढीने उलटं पाहिलंय. बाहेर काही असलं तरी घर मोडू नये, चार लोकांत बोभाटा नको, बाईने पोटात घालावं. तिथल्या बहुतेकांना घर मोडणं वाईट वाटतं, पण पाप वाटत नाही. खोटं बोलून घर चालवणं पाप वाटतं. तुमचा होणारा जावई उद्या काही बिनसलं तर ते बोलून दाखवेल, कदाचित तुम्हाला सोसणार नाही इतकं स्पष्ट बोलेल. संसार टिकेलच अशी हमी त्यातून मिळत नाही, ती साताऱ्यातल्या स्थळातही मिळत नाही. पण तो कुठल्या गोष्टीला चूक मानतो याचा अंदाज येतो.

एक लक्षात आलं का तुमच्या? "हो हो, आहे श्रद्धा" म्हणून वेळ मारून नेणं त्याला सोपं होतं. तुमच्या डोळ्याला डोळा देऊन त्याने खरं ते सांगितलं. एकत्र राहण्याची गोष्ट वर्षभर दडवली ती तुमच्या लेकीने. तिच्यावर राग धरू नका, तिने ती तुमच्या जिवाला जपायला दडवली. पण देव मानणारी लपवते आणि न मानणारा सांगतो असंही घडतं, एवढं नणंदबाईंच्या कानावर घाला.

आकड्यांवरही फार विसंबू नका. तुमच्या लेकीच्या ओहायोतच, अ‍ॅश्टाब्युला नावाच्या काउंटीत संशोधकांनी एकदा ताळा करून पाहिला होता. फोनवर विचारलं तर प्रोटेस्टंटांपैकी सुमारे ३६ टक्के म्हणाले, आम्ही या आठवड्यात चर्चला गेलो होतो. चर्चमधल्या हजेरीचा हिशेब घातला तर ते २० टक्क्यांच्या आसपास निघाले. १९९३ साली हे छापून आलं आणि मोठी चर्चा झाली. लोक काय होते यापेक्षा आपण काय असायला हवं हे सांगत होते. आपल्याकडे एकादशीचं विचारलं तर असंच होईल.

आता त्या घराबद्दल, म्हणजे 'बाटवतील' या भीतीबद्दल. माझ्या शेजारणीची गोष्ट सांगते. २०१२ मध्ये ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यातून रात्री परत आले तर ओट्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या पायरीवर, फॉइलने झाकलेलं काचेचं भांडं. खाली चिकटपट्टीवर पेनाने नाव लिहिलेलं, भांडं परत कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून. आत भाज्या, नूडल्स आणि चीज घालून भाजलेलं काहीतरी. आम्ही मांस खात नाही हे तिने कधी तरी ऐकून लक्षात ठेवलं होतं. मग तीन आठवडे रोज एक भांडं येत राहिलं. तिच्या चर्चमधल्या बायकांनी वार वाटून घेतले होते. एकदा तिने विचारलं, मी तुमच्यासाठी इथेच प्रार्थना केली तर चालेल का? मी हो म्हटलं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, ह्यांचं नाव चुकीचं उच्चारलं, आणि सर्जनच्या बोटांना स्थिर ठेव असं देवाकडे मागितलं. धर्म बदला असं एका शब्दाने कधी म्हणाली नाही. नाताळात चर्चला या म्हणाली, आम्ही गेलो. दिवाळीत मी बोलावलं, ती आली, पण आरतीच्या वेळी बाहेरच्या खोलीत बसून राहिली. मूर्तीपुढे उभं राहणं तिच्या श्रद्धेत बसत नव्हतं. मला पहिल्या वर्षी ते लागलं. पुढे कळलं की ती आम्हाला दुखवायला नव्हे, तिच्या देवाला दुखवायला भीत होती.

२०१५ च्या जूनमध्ये न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. त्याच वर्षी तिच्या भाच्याने एका मुलाशी लग्न ठरवलं. हा भाचा तिने हातावर वाढवलेला. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तासभर रडली. जाऊ नये असं तिची श्रद्धा सांगत होती आणि गेल्याशिवाय राहवत नव्हतं. शेवटी ती गेली नाही. मला तिचं ते पटलं नाही, आजही पटत नाही, मी तसं तिला म्हटलंही. पण त्या उन्हाळ्यात तिने दोघांसाठी एक रजई शिवली, दोघांच्या नावांची अक्षरं कोपऱ्यात भरली, आणि टपालाने पाठवून दिली. पुढच्या थँक्सगिव्हिंगला ते दोघं तिच्या टेबलावर होते. मी पाहिलंय.

हे एवढ्यासाठी सांगितलं की धार्मिक अमेरिकन माणूस म्हणजे कुणी एकच नमुना नसतो. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मोठी पाहणी केली, तिच्यात लोकांना त्यांचा देव कसा आहे हे विचारलं. कुणाचा देव रागावणारा आणि शिक्षा करणारा, कुणाचा जवळ घेणारा, कुणाचा लांबून बघणारा. माणसाची मतं कडक की सैल, हे तो कुठल्या चर्चचा आहे यापेक्षा त्याचा देव कसा आहे यावरून जास्त नीट कळतं, असं त्यांना दिसलं. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शनीच्या भीतीने तेल घालणारा आणि विठ्ठलाला माऊली म्हणणारा, दोघंही श्रद्धाळूच. टेनेसीत गेल्यावर त्या घरातला देव कुठला आहे ते बघा. चूक झालेल्या माणसाबद्दल, समजा एखाद्या दारू पिणाऱ्या दिराबद्दल, ते जेवताना काय बोलतात त्यावरून कळेल.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. सदर्न बॅप्टिस्टांच्या जाहीर श्रद्धावचनात स्पष्ट म्हटलंय, की येशूवर स्वतःची श्रद्धा असल्याशिवाय तारण नाही. म्हणजे मुलाच्या आईला मनापासून वाटत असेल की तुमची लेक आणि तिचा स्वतःचा मुलगा, दोघंही मेल्यावर वाचणार नाहीत. हे ऐकायला भयंकर आहे. पण "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" हे त्या भीतीतून आणि मायेतून येतं. कधी कधी ती माया गळ घालू लागते, तेव्हा "आमची आमच्या देवावर श्रद्धा आहे, तुमच्या प्रार्थनेबद्दल आभार" एवढं शांतपणे म्हणायला लेकीला शिकवा. टेनेसीत एवढं पुरतं.

आणि आपल्याकडच्या आनंदीबाई जोशींची गोष्ट आठवा. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मागितली, तेव्हा ते पत्र मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आलं आणि संपादकाचं उत्तर असं, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. तेच नियतकालिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांच्या हाती पडलं. त्याही ख्रिस्तीच. पण त्यांनी कसलीही अट न घालता पत्र लिहिलं. १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा घ्यायला त्या उभ्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगून निघालेली ती मुलगी ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि तशीच परतली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली, तेव्हा तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पॉकीप्सी गावच्या दफनभूमीत, त्या ख्रिस्ती घराच्या जागेत, त्या आजही आहेत. वर दगड आहे, त्यावर तिचं नाव आहे. नियतकालिक एकच, छापणारा आणि वाचणारी दोघंही ख्रिस्ती. त्या टेनेसीच्या बाई या दोघांपैकी कोण, हे इथे बसून तुम्हाला नाही कळायचं, मलाही नाही.

व्यवहाराचं थोडं. अमेरिकेत लग्नाला धर्म बदलावा लागत नाही, परवाना स्थानिक सरकारी कचेरीतून मिळतो. वेगवेगळ्या धर्मांतली किंवा पंथांतली लग्नं तिथे नवलाची नाहीत. प्यूच्या २०१४ च्या पाहणीत, २०१० नंतर लग्न झालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा जोडीदार दुसऱ्या गटातला होता. यात एका चर्चचा आणि कुठल्याच धर्माचा नसलेला, अशा जोड्याही मोजल्या आहेत. खरी ठिणगी पडते ती मुलं झाल्यावर. तान्ह्याला बाप्तिस्मा हे लोक देत नाहीत हे वर सांगितलंच. पण आजी-आजोबा रविवारच्या बायबल शाळेत नेऊ का विचारतील, सुट्टीत आठवडाभराचं बायबल शिबिर असतं तिथे पाठवा म्हणतील. तुम्हीही म्हणाल, मुंज करा, बारसं साग्रसंगीत करा. यातलं काय करायचं आणि काय नाही, हे दोघांनी लग्नाआधी बसून ठरवावं आणि दोन्ही घरांना एकाच दिवशी सांगावं.

मुलाला तुम्ही स्वतः एवढंच विचारा: घरात देव्हारा चालेल का? चालेल म्हणाला तर पुढे विचारा, गणपतीच्या दिवसांत कामावरून लवकर येऊन तिच्याबरोबर मोदक करशील का? त्याने आरतीला हात जोडावेत असा हट्ट धरू नका. पण त्याने चर्च रागाने सोडलं असेल आणि तो राग अजून निवला नसेल, तर उद्या तो उदबत्तीच्या वासावरही निघू शकतो. असं दिसलं, तर घाई करू नका, लेकीशी स्पष्ट बोला. तसं नसेल तर केवळ देव मानत नाही म्हणून मी या स्थळाला नाही म्हणणार नाही. माझी मुलगी असती तरी नसतं म्हटलं.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवायला बसलात की सगळे एकमेकांचे हात धरतील, घरातला कर्ता माणूस मोठ्याने प्रार्थना म्हणेल. तुम्हीही हात धरा, डोळे मिटा, मनात आपला जेवणाआधीचा श्लोक म्हणा. तो मुलगा तेव्हा काय करतो ते डोळा किलकिला करून बघायला हरकत नाही. आपल्या आईचा हात त्याने धरलेला असेल, तर नणंदबाईंना फोन करून तेवढं सांगा. जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीसमोर फुटबॉल बघायला बसतील आणि त्याची आई भांडी आवरत असेल. तुम्ही फडकं घेऊन तिच्या शेजारी उभ्या राहा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, लेक मदतीला असेलच. तिला विचारा, मुलगा चर्चला यायचा थांबला त्या दिवसांत तुमचं कसं गेलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नसेल.